गरीब घर आणि असुरक्षित घर : एक धम्मविचार



दहावी-बारावीच्या गुणगौरव समारंभात आणि १४ एप्रिलच्या सभेत एक गोष्ट हमखास सांगितली जाते. परमपूज्य बाबासाहेबांनी मुंबईच्या चाळीतील एका लहानशा खोलीत, रॉकेलच्या दिव्याखाली अभ्यास केला आणि ते जगातील थोर विद्वान झाले. गोष्ट खरी आहे. ती सांगितलीच पाहिजे. परंतु तिच्या शेवटी वक्ते बहुधा एक प्रश्न जोडतात : "त्यांना जमले, मग तुम्हांला का जमत नाही?" समोर बसलेली मुले टाळ्या वाजवतात. त्यांतील काही मुले मात्र टाळ्या वाजवताना मान खाली घालतात. आमचा हा लेख त्या मान खाली घालणाऱ्या मुलांविषयी आहे.

प्रथम ती खोली नीट पाहू. सुभेदार रामजी आंबेडकर १९०४ च्या सुमारास कुटुंबासह मुंबईस आले आणि परळ भागातील डबक चाळीत राहू लागले. एकाच खोलीत चूल, सरपण, भांडीकुंडी आणि माणसे. दाटी इतकी की सर्वांनी एकाच वेळी नीट झोपणेही कठीण. तेव्हा रामजींनी एक व्यवस्था लावली. भीमराव संध्याकाळी लवकर झोपे, रामजी मध्यरात्र उलटेपर्यंत जागत आणि दोनच्या सुमारास मुलाला उठवून मग स्वतः आडवे होत. मुलगा पहाटेपर्यंत वाची. पुस्तकासाठी पैसे नसले तर रामजी आपल्या लग्न झालेल्या मुलींकडे जात, त्यांच्याकडून उसने घेत, प्रसंगी त्यांचा दागिना गहाण टाकत आणि पेन्शन आली की फेडत. रामजी कबीरपंथी होते. त्या घरात दारूला प्रवेश नव्हता.

या खोलीत काय नव्हते, याची यादी आपण नेहमी करतो : वीज नव्हती, टेबल नव्हते, जागा नव्हती. काय होते, याची यादी क्वचितच होते. रात्री दोन वाजता एक हात मुलाच्या खांद्यावर पडे, तो मारण्यासाठी नव्हे, उठवण्यासाठी. त्या खोलीत गरिबी होती, भीती नव्हती.

याचा अर्थ भीमरावांचे बालपण सुखाचे होते असा नाही. पाच वर्षांचे असताना त्यांची आई भीमाबाई गेली. आत्या मीराबाईंनी त्यांना वाढवले. वडिलांनी दुसरे लग्न केले, ते त्यांना रुचले नाही. घर सोडून मुंबईच्या गिरणीत काम करावे, असे साताऱ्यात असताना त्यांच्या मनाने घेतले होते. प्रवासखर्चासाठी आत्याच्या कमरेची पैशांची पिशवी काढण्याचा प्रयत्न त्यांनी अनेक रात्री केला. अखेर ती हाती आली तेव्हा आत अवघा अर्धा आणा निघाला, असे चरित्रकार सांगतात. म्हणजे घर नकोसे होणे, पळून जावेसे वाटणे, हे त्या मुलालाही चुकले नव्हते. पण ज्या आत्याची पिशवी त्याने काढली, ती त्याच्या शेजारी निर्धास्त झोपलेली होती आणि तोही तिच्या कुशीत निर्धास्त होता. हा फरक मोठा आहे.

आता आपल्या वस्त्यांकडे वळू. वरळी, नायगाव, ना. म. जोशी मार्ग आणि शिवडी येथील बी.डी.डी. चाळी १९२० च्या दशकात मुंबई सरकारच्या डेव्हलपमेंट खात्याने बांधल्या. तीन मजली इमारत, एका इमारतीत ८० खोल्या, खोली १६० चौरस फुटांची, संडास मजल्यावर सामाईक. या चाळींत बौद्ध कुटुंबांच्या तीन-चार पिढ्या वाढल्या. चळवळ येथे वाढली, कवी येथे झाले, अधिकारी येथून गेले. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या गिरणी संपात अडीच लाखांच्या आसपास कामगार उतरले आणि त्यांतील फार मोठी संख्या पुन्हा कधी कामावर गेली नाही. ज्या वडिलांनी सकाळच्या पाळीला डबा घेऊन निघावे, ते दिवसभर गॅलरीत उभे राहू लागले. बाईने घरकामे धरली. आमची पिढी त्याच काळात वाढली आणि संध्याकाळ झाली की कोणत्या खोलीतून कोणता आवाज येणार, हे मजल्यावरच्या प्रत्येक मुलाला पाठ असे. भांडे आपटल्याचा आवाज वेगळा, माणूस आपटल्याचा वेगळा.

याच सुमारास शेजार बदलला. वरळीच्या समुद्राकडेचे बंगले पूर्वीपासून होतेच. मग ज्या गिरण्यांच्या भोंग्यावर चाळींचे घड्याळ चाले, त्यांच्या जागेवर काचेचे टॉवर आले. फिनिक्स मिलच्या आवारात मॉल झाला. ज्यांचे वडील गिरणीत साचे चालवत, त्यांची मुले त्याच परिसरात सुरक्षारक्षकाच्या नजरेखालून आत जाऊ लागली. टॉवरमध्ये धुणीभांडी करणाऱ्या आईबरोबर सुट्टीच्या दिवशी गेलेली मुलगी काय पाहते? तिच्याच वयाच्या मुलीला स्वतंत्र खोली आहे आणि त्या खोलीला आतून कडी आहे. खेळणी, कपडे, फ्रिज यांचा हेवा काही दिवसांनी ओसरतो. त्या कडीचा हेवा ओसरत नाही.

येथे मुलाच्या मनात एक चुकीचे गणित मांडले जाते, आणि हा लेख लिहिण्याचे खरे कारण तेच आहे. मूल म्हणते : त्यांच्या घरी शांतता आहे कारण ते श्रीमंत आहेत, आमच्या घरी मारहाण आहे कारण आम्ही गरीब आहोत. मग ते पुढे म्हणते : आमचे लोकच असे. सभेत बाबासाहेबांची खोली ऐकून आले की त्यात आणखी एक वाक्य मिळते : बाबासाहेबांना जमले, मला जमत नाही, म्हणजे मीच नालायक. गरिबी आणि भीती या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे त्या मुलाला कोणीच सांगितलेले नसते.

श्रीमंत घर सुरक्षित असते हे गणित तर धम्मसाहित्याने केव्हाच खोटे ठरवले आहे. मगधाच्या राजवाड्याहून मोठे घर त्या काळी कोणते होते? त्याच घरात अजातशत्रूने आपल्या पित्याला, बिंबिसाराला, बंदीत टाकून मारले. थेरीगाथेतील इसिदासी उज्जैनीच्या धनिक श्रेष्ठीची कन्या. तिला साकेताच्या तितक्याच धनिक घरात दिले. पहाटे उठून, सेवा करूनही नवऱ्याने तिला नाकारले आणि सासऱ्याने माहेरी पोचवले. टॉवरच्या भिंती जाड असतात, आवाज बाहेर येत नाही, एवढेच. आमच्या भिंतींतून येतो.

आता उलट बाजूही सांगितली पाहिजे, नाहीतर गरिबीचा काहीच दोष नाही असा अर्थ निघेल. दीघनिकायातील चक्कवत्ति सीहनाद सुत्तात तथागतांनी एक साखळी सांगितली आहे. राजाने रक्षणाची व्यवस्था केली, परंतु निर्धनांना धन दिले नाही. त्यामुळे दारिद्र्य वाढले, दारिद्र्यातून चोरी, चोरी थांबवण्यासाठी मृत्युदंड, तो पाहून लोकांच्या हाती शस्त्रे, शस्त्रांतून हत्या, शिक्षेच्या भयाने असत्य, आणि असे उतरत उतरत आईवडिलांचा आदर सुटणे. या साखळीचे पहिले टोक राज्यकर्त्याच्या हातात आहे, दरिद्री माणसाच्या नव्हे. कूटदन्त सुत्तात पुरोहित राजाला हेच सुचवतो : शेतकऱ्याला बी-बियाणे, व्यापाऱ्याला भांडवल, सेवकाला पगार द्या, मग उपद्रव आपोआप शमेल. अडीच लाख कामगारांच्या घरात पगार बंद झाल्यावर काय होईल, हे समजायला याहून अधिक अर्थशास्त्र लागत नाही. अंगुत्तरनिकायातील इण सुत्तात दारिद्र्य, कर्ज, व्याज, तगादा, पाठलाग आणि बंधन ही दुःखांची उतरंड क्रमाने दिली आहे. आम्ही बँकेत कारकून असल्यामुळे ही उतरंड काउंटरच्या अलीकडून पाहतो. तारण ठेवलेले मंगळसूत्र सोडवायला बाई एकटी येते की नवऱ्याच्या मागून मान खाली घालून येते, यावरून बरेच कळते.

तरीही दारिद्र्य हे कारण आहे, क्षमापत्र नव्हे. बेकार झालेले सगळेच वडील हात उचलत नव्हते. त्याच मजल्यावर, तेवढ्याच तंगीत, संध्याकाळी मुलांचे पाढे घेणारे बापही होते, आणि त्यांची नोंद कोठेच होत नाही. सिगालोवाद सुत्तात मद्यपानाचे सहा दुष्परिणाम सांगितले आहेत : धनाची हानी, कलहाची वाढ, रोग, अपकीर्ती, निर्लज्जपणा आणि प्रज्ञेचा ऱ्हास. हे सहाही दुष्परिणाम पिणाऱ्याच्या नावावर जमा असले, तरी त्यांची वसुली बायकोमुलांकडून होते. त्याच सुत्तात मुलाला पापापासून परावृत्त करणे, कल्याणाकडे लावणे, विद्या-शिल्प शिकवणे ही आईवडिलांची कर्तव्ये सांगितली आहेत, आणि पत्नीचा सन्मान करणे, तिचा अवमान न करणे हे पतीचे कर्तव्य. अमुक उत्पन्न असेल तरच, अशी अट तेथे नाही. बाबासाहेबांनी डिसेंबर १९२७ मध्ये महाडला स्त्रियांपुढे बोलताना, नवरा किंवा मुलगा दारू पिऊन आला तर त्याला जेवायला घालू नका, असे बजावले. नागपूरला १४ ऑक्टोबर १९५६ रोजी दिलेल्या बावीस प्रतिज्ञांतही दारू न पिण्याची प्रतिज्ञा आहे. दीक्षाभूमीवर प्रतिज्ञा घेतली ती माणसाने. ती खोलीत पाळली गेली की नाही, याची साक्ष मूलच देऊ शकते.

काही जणांना वाटते की अशा गोष्टी आपण उघडपणे बोलू नयेत. आधीच बाहेरचे लोक आपल्याला नावे ठेवतात, त्यात आपणच भर का घालावी? ही भीती समजण्यासारखी आहे. पण आपल्या लेखकांनी ती केव्हाच ओलांडली आहे. दया पवारांचे 'बलुतं' १९७८ साली आले, त्यात घरातली दारूही आहे. बेबी कांबळे यांनी 'जिणं आमुचं' मध्ये आपल्याच समाजातील सुनांवर होणारा जुलूम लिहिला, आणि ते लिखाण त्यांनी कित्येक वर्षे घरच्यांपासून लपवून ठेवले होते. ज्या समाजात स्त्रीला वही लपवावी लागते, त्या समाजात मुलाला काय काय लपवावे लागत असेल?

शाळेतला अपमान भीमरावांनाही भोगावा लागला. एल्फिन्स्टन हायस्कुलात गणित सोडवण्यासाठी ते फळ्याकडे निघाले, तेव्हा फळ्यामागे ठेवलेले डबे बाटतील म्हणून सवर्ण मुलांनी ते धावत जाऊन काढले. असा अपमान गिळून तो मुलगा ज्या खोलीत परतत असे, तेथे त्याची वाट पाहणारे कोणीतरी होते. असुरक्षित घरातल्या मुलाला बाहेर अपमान आणि आत भय, अशा दोन आघाड्यांवर लढावे लागते. दण्डवग्गात तथागतांनी सांगितले आहे की दंडाला सगळेच भितात. स्वतःवरून दुसऱ्याला ओळखून कोणालाही मारू नये. ज्याचे मन संध्याकाळी सातपासून जिन्यावरच्या पावलांकडे लागलेले आहे, त्याने भूमितीचे प्रमेय कोणत्या मनाने पाठ करावे? त्याचे कमी गुण हा बुद्धीचा हिशेब नाही.

मग अशा मुलाला वाचवते काय? अमेरिकेतील हवाई बेटांपैकी कवाई या बेटावर १९५५ साली जन्मलेल्या ६९८ मुलांचा अभ्यास एमी वर्नर आणि रूथ स्मिथ या संशोधिकांनी कित्येक दशके केला. गरिबी, कलह, आईवडिलांचे व्यसन अथवा आजार अशा अनेक संकटांत वाढलेल्या मुलांपैकी सुमारे एकतृतीयांश मुले पुढे सक्षम, मायाळू माणसे झाली. त्यांच्या बाबतीत ठळकपणे दिसलेली एक गोष्ट म्हणजे त्यांच्या आयुष्यात कोणीतरी एक भरवशाचे मोठे माणूस होते. आईबाप नसेल तर आजी, शेजारी, शिक्षक.

आपल्याला हे उदाहरण हवाईहून आणण्याची तशी गरज नव्हती. भीमराव शाळा सुटल्यावर चर्नी रोडच्या बागेत जाऊन वाचत बसत. त्याच बागेत येणारे शिक्षक कृष्णाजी अर्जुन केळुसकर यांनी या एकट्या वाचणाऱ्या मुलाकडे पाहिले आणि जवळ जाऊन चौकशी केली. १९०७ साली भीमराव मॅट्रिक झाले, तेव्हा सत्कारसभेत केळुसकर गुरुजींनी त्यांना स्वतः लिहिलेले बुद्धचरित्र भेट दिले. पुढे बडोद्याच्या महाराजांकडून दरमहा २५ रुपयांची शिष्यवृत्ती मिळण्यासाठी खटपट केली. बुद्धचरित्राची गोष्ट आपण सांगतो, बागेची सांगत नाही. त्या मुलाला घराबाहेर बसायला एक फुकट, शांत जागा होती आणि तेथे त्याला हटकणारे नव्हे, विचारपूस करणारे एक मोठे माणूस भेटले.

चक्कवत्ति सीहनाद सुत्ताचा पुढचा भागही असाच कमी सांगितला जातो. माणुसकी पूर्ण रसातळाला गेल्यावर सात दिवस असे येतात की माणसे एकमेकांना श्वापदे समजून मारत सुटतात. तेव्हा काही जण गवतात, झाडीत, गुहेत जाऊन बसतात. सात दिवसांनी ते बाहेर येतात आणि तू जिवंत आहेस, म्हणून एकमेकांना मिठी मारतात. मनुष्यजातीची चढती तेथून सुरू होते. उपदेशाच्याही आधी, लपायला मिळालेल्या जागेपासून.

आपल्या वस्त्यांत अशी जागा बहुधा आहेच. ती म्हणजे विहार. आषाढी पौर्णिमेपासून आश्विन पौर्णिमेपर्यंत वर्षावासात 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथाचे वाचन चालते, तेव्हा विहार संध्याकाळी उघडा असतो. उरलेले महिने पुष्कळ ठिकाणी रविवारची वंदना झाली की कुलूप. परीक्षा मात्र फेब्रुवारी-मार्चमध्ये येतात. अभ्यासिका म्हणून विहार संध्याकाळी सात ते दहा उघडा ठेवला, एक सतरंजी, दोन ट्यूबलाइट आणि एक जाणते माणूस एवढे दिले, तर 'तुझ्या घरी काय चालते' असे कोणत्याही मुलाला विचारावे लागत नाही. अभ्यासाला जातो, असे सांगून ते सन्मानाने घराबाहेर पडू शकते. तेथे बसणाऱ्या उपासकाने शिकवलेच पाहिजे असे नाही. रोज तेच माणूस असणे अधिक महत्त्वाचे. पाळ्या लावल्या आणि दररोज नवा चेहरा बसवला, तर आमच्या मते निम्मा उपयोग गेला.

जेथे जीवाला धोका आहे, तेथे अभ्यासिका पुरणार नाही, हेही स्पष्ट बोलावे. आपल्याकडे एक घातक समजूत आहे की तो त्यांच्या घरचा मामला आहे. कायदा तसे मानत नाही. कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचे संरक्षण करणारा कायदा २००५ साली झाला आणि २६ ऑक्टोबर २००६ पासून लागू आहे. त्याच्या कलम ४ नुसार हिंसेची माहिती कोणीही संरक्षण अधिकाऱ्याला देऊ शकतो. सद्हेतूने दिलेल्या माहितीबद्दल माहिती देणाऱ्यावर कारवाई होत नाही. बाईला राहत्या घरातून हाकलता येत नाही, असा वास्तव्याचा हक्कही त्यात आहे. मुलांवरील लैंगिक अत्याचारासंबंधी २०१२ च्या पॉक्सो कायद्यात तर कळवणे हे ऐच्छिक नाही, माहिती असून न कळवणे हाच गुन्हा आहे. मुलांसाठी १०९८, महिलांसाठी १८१ आणि तातडीच्या मदतीसाठी ११२ हे क्रमांक आहेत. विहाराच्या फलकावर वर्गणीदारांच्या यादीशेजारी हे तीन आकडे लिहायला जागा निघेल.

पण फोनच्याही आधीचे एक साधन चाळीत होते. आवाज आला की शेजारच्या मावशी वाटी घेऊन दार वाजवत : "ताई, जरा साखर हाय का?" साखर घरात असायची. दार उघडले की हात थांबायचा, आणि मावशी जाताना धाकटीला कडेवर घेऊन जायच्या, "खेळू द्या माझ्याकडं थोडा वेळ." कोणताही अधिकारी, कोणतीही समिती न नेमता हे संरक्षणाचे काम होत असे. सगळ्याच मजल्यांवर अशा मावशी नव्हत्या, हेही खरे.

आता चाळी जात आहेत. पुनर्विकासात वरळीच्या ५५६ कुटुंबांना ऑगस्ट २०२५ मध्ये ५०० चौरस फुटांच्या सदनिकांच्या चाव्या मिळाल्या; इतरांनाही टप्प्याटप्प्याने मिळतील. स्वतःचा संडास, स्वतंत्र खोली, लिफ्ट. शंभर वर्षे ज्यांनी सामाईक नळावर रांगा लावल्या, त्यांना हे मिळालेच पाहिजे आणि त्याचा आम्हांस मनापासून आनंद आहे. काही मुलांना आयुष्यात प्रथमच आतून लावायला कडी मिळेल. पण नव्या घरांना बंद दारे आहेत, गॅलरी नाही, भिंतीतून आवाज येणार नाही, आणि साखर मागायला जाणाऱ्या मावशी कदाचित अठराव्या मजल्यावर असतील. म्हणून नव्या इमारतींत सोसायटीचे हॉल, समाजमंदिर, विहार यांच्या जागा ठरत असतानाच तेथील संध्याकाळचे तीन तास मुलांच्या अभ्यासासाठी राखून ठेवावेत, असा ठराव आपल्या संस्थेच्या सभासदांनी आपापल्या इमारतीच्या पहिल्याच सर्वसाधारण सभेत मांडावा. लग्नसमारंभाच्या भाड्याचे दर ठरण्यापूर्वी तो मांडलेला बरा. नंतर हॉलच्या तारखा मिळत नाहीत. आणि हॉलची एक चावी सेक्रेटरीकडे राहिली, तरी दुसरी तळमजल्यावरच्या एखाद्या निवृत्त शिक्षिकेकडे किंवा महिला मंडळाकडे असावी.